मुशीची नाळ आणि पाखटाचं दूध: पोटातल्या पिल्लाला आई काय देते?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ कळेल. मालवणच्या बाजारातून आणलेली मोरी, म्हणजे मुशी किंवा लहान शार्क, साफ करताना तिच्या पोटातून सात पिल्लं निघाली. प्रत्येकाच्या छातीपासून एक दोरा निघून आईच्या पोटात आतल्या बाजूला चिकटलेला होता आणि त्या दोऱ्याला बारीक धाग्यांची झालर होती. पुढच्याच आठवड्यात एका पाखटाच्या, म्हणजे चपट्या रे माशाच्या, पोटात दोन पिल्लं सापडली. त्यांना दोरा नव्हता, पण भोवती दुधासारखं पिवळसर दाट पाणी होतं. तुमच्या पुस्तकात मात्र शार्क आणि पाखटं ‘अंडजरायुज’ म्हणून एका ओळीत उरकलेली आहेत: अंडी पोटात फुटतात आणि पिल्लं बाहेर येतात. मग नाळ कशी? दूध असेल तर हे प्राणी सस्तन का नाहीत? आणि आई पिल्लाला नेमकं किती देते हे मोजता येतं का?

तुम्ही दोन्ही वेळा जे पाहिलंत ते अगदी बरोबर आहे. तोकडा पडतो तो पुस्तकातला शब्द. मी मत्स्यजीवशास्त्रात अठ्ठावीस वर्षं काढली. त्यातल्या कितीतरी सकाळी रत्नागिरीच्या मिरकरवाडा आणि मुंबईच्या ससून डॉकच्या धक्क्यावर, लिलाव सुरू व्हायच्या आधी, पाट्यांमधल्या मुश्या मोजण्यात गेल्या. ‘अंडजरायुज’ या शब्दाचा मला तिथे एकदाही उपयोग झाला नाही. तो फक्त पिल्लू कुठे वाढलं ते सांगतो. कशावर वाढलं, याबद्दल तो गप्पच राहतो, आणि खरी गंमत तर तिथेच आहे.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. आई किती देते हे मोजता येतं, आणि पद्धत हिशेबाच्या वहीइतकी साधी आहे. अंडं फलित झालं तेव्हा त्यात किती ऐवज होता आणि जन्माच्या वेळी पिल्लात किती आहे, एवढंच पाहायचं. दोन्ही वजनं मात्र कोरडी हवीत. ताज्या वजनाने फसायला होतं. बलक दाट असतो, त्यात पाणी कमी असतं. पिल्लाच्या अंगात बहुतेक पाणीच असतं. त्यामुळे नुसत्या बलकावर वाढलेलं पिल्लूसुद्धा ताज्या वजनात अंड्यापेक्षा बरंच भारी भरतं आणि आपल्याला वाटतं, आईने भरभरून खाऊ घातलं. प्रत्यक्षात तिने फक्त पाणी दिलेलं असतं. म्हणून आम्ही अंडी आणि पिल्लं साठेक अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवतो आणि मग तोलतो.

बाहेरून काहीच मिळालं नाही, तर कोरडं वजन घटलंच पाहिजे. पिल्लू वाढताना श्वास घेतं, हालचाल करतं, नवं मांस बांधतं, आणि या सगळ्यासाठी लागणारं इंधन त्याला त्या बलकातूनच जाळावं लागतं. अंडी घालणाऱ्या जातींत हे सरळ दिसतं. अंड्यातला साधारण पाचवा भाग वाढीच्या खर्चात जातो आणि उरलेल्याचं पिल्लू होतं. पोटात पिल्लं वाढवणाऱ्या, पण बलकाखेरीज काही न देणाऱ्या जातींतही घट होतेच. उत्तर अटलांटिकमधली काटेरी डॉगफिश ही लहान शार्क त्याचं नेहमीचं उदाहरण. तिची पिल्लं आईच्या पोटात जवळपास दोन वर्षं राहतात. इतका काळ आई त्यांना जागा, प्राणवायू, पाणी आणि क्षार देते. अन्न मात्र अंड्यात पहिल्या दिवशी जे घातलं तेवढंच.

यातून एक गोष्ट निघते जी विद्यार्थ्यांच्या हमखास नजरेतून सुटते. एखाद्या जातीत अंड्याचं आणि जन्मणाऱ्या पिल्लाचं कोरडं वजन अगदी सारखं आलं, तर आपण म्हणतो, आईने वरून काही दिलं नाही. हे चूक आहे. न देता ते पाचव्या भागाने घटायला हवं होतं. घटलं नाही, म्हणजे तेवढी भर आईनेच घातली. आईने गर्भाशयाच्या भिंतीतून पाझरवलेल्या पातळ, साध्या दिसणाऱ्या द्रवाने ही तूट भरून निघते, आणि अशा जाती पूर्वी समजत होतो त्यापेक्षा बऱ्याच आहेत. हा जमाखर्च नीट मांडून दाखवण्याचं श्रेय इटलीच्या सिल्व्हिओ रांझी यांना जातं. १९३० च्या दशकात त्यांनी भूमध्य समुद्रातल्या एकेका जातीची अंडी आणि पिल्लं घेऊन हे केलं.

आता तुमच्या मोरीकडे येऊ. मालवणात जिला मोरी म्हणतात तिला मुंबई-रायगडकडे मुशी म्हणतात, आणि दोन्ही नावांखाली लहान शार्कांच्या दोन-तीन जाती खपून जातात. तुमच्या फोटोत चपटं, खोऱ्याच्या पात्यासारखं नाक दिसतं आणि पाठीवरचा पहिला पर बराच मागे आहे, म्हणून ही स्कोलिओडॉन लॅटिकॉडस असं मी खात्रीने सांगते. डोल जाळ्यात बोंबील आणि जवळ्याबरोबर येते तीच ही. आपल्याकडे इतकी नेहमीची की कुणी तिच्याकडे दुसऱ्यांदा वळून बघत नाही. आणि आईकडून पिल्लाला मिळणाऱ्या पोषणाचा विचार केला, तर जगातल्या सगळ्या शार्कांत टोकाला उभी असलेली जात हीच आहे. मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

तिचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं असतं. शार्कांमधलं हे सर्वांत लहान अंडं. मोहरीच्या दाण्याहूनही लहान, बलक जवळपास नाहीच. जन्माला येणारं पिल्लू असतं बारा ते पंधरा सेंटिमीटर लांब. हिशेब तोंडी करून बघा. एक मिलिमीटर व्यासाच्या गोळ्याचं आकारमान अर्धा घन मिलिमीटर, म्हणजे वजन सुमारे अर्धा मिलिग्रॅम. पिल्लू तराजूवर आठ-दहा ग्रॅम भरतं. हे ताजं वजन झालं, कोरड्याचा आकडा वेगळा येईल, पण वाढ वीस हजार पटींच्या घरातली आहे हे स्पष्ट दिसतं. अंड्यात जे होतं त्याने या पिल्लाच्या शेपटीचं टोकही झालं नसतं. बाकी सगळं आईने नाळेतून दिलं, आणि तेही पाच-सहा महिन्यांत.

ही नाळ आणि वार येते कुठून? माणसात वार ज्या पडद्यांपासून बनते ते पडदे शार्कांकडे नाहीतच. शार्कांनी ती बलकपिशवीपासून घडवली. बलकपिशवी म्हणजे पिल्लाच्या पोटाशी देठाने लटकलेली शिदोरी. नाळ असलेल्या बहुतेक जातींत पिल्लू आधी ही शिदोरी संपवतं. पिशवी रिकामी झाली की ती सुरकुतते, तिच्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं पसरतं, आणि ती गर्भाशयाच्या भिंतीला जाऊन भिडते. तिथे भिंतही तिला सामावून घेण्यासाठी फुगते, तिथलं अस्तर पातळ होतं. देठ लांबून त्याची नाळ होते. त्या नाळेत एक धमनी, एक शीर आणि बलक आतड्यात नेणारी जुनी नळी असते. आईचं आणि पिल्लाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. साखर, अमिनो आम्लं, स्निग्ध पदार्थ आणि प्राणवायू मधल्या पातळ थरांतून पलीकडे जातात आणि पिल्लाचा टाकाऊ माल उलट येतो. गंमत म्हणजे बऱ्याच जातींत अंड्याचं मूळ वेष्टनही पातळ पापुद्र्यासारखं दोघांच्या मध्ये शेवटपर्यंत टिकून असतं, आणि तरीही देवाणघेवाण होते.

मुशीने यातला पहिला टप्पा जवळजवळ गाळूनच टाकला आहे. संपवायला शिदोरी नसल्यामुळे तिचा गर्भ फक्त तीन मिलिमीटरचा असतानाच भिंतीला लागतो. तांदळाच्या दाण्याच्या निम्म्यानेही नाही, तेव्हा. गर्भाशयाच्या भिंतीतून एक देठ पुढे येतो, त्याच्या टोकाला पेल्यासारखा खळगा असतो आणि त्यात वार घट्ट बसलेली असते. तुम्ही परत कधी मुशी उघडलीत, तर नाळ ओढू नका. गर्भाशय मधून कात्रीने उभं कापा आणि ताटलीत, समुद्राच्या पाण्याखाली ठेवून उलगडा. तो गुलाबी-लाल गोळा आणि त्याचा देठ असे वेगवेगळे दिसतील. ओढलंत की देठ तुटतो आणि मग नुसता एक रक्ताळलेला ठिपका उरतो, ज्यावरून काहीच कळत नाही. माझी पहिली दहा-बारा नमुन्यांची खेप मी अशीच घाईने वाया घालवली होती. मला नीट कापायला शिकवलं ते धक्क्यावर मुशी साफ करणाऱ्या एका मावशींनी. त्या कोयतीचं टोक वर धरून आतून बाहेर कापत, त्यामुळे आतला एकही अवयव फुटत नसे.

आणि ती झालर. तुम्ही नेमकं ते टिपलंत याचा मला फार आनंद झाला, कारण बहुतेकांना ती नाळेवर चिकटलेली घाण वाटते आणि ते ती पुसून टाकतात. मुशीच्या नाळेवर हे धागे भरपूर आणि लांब असतात. हातोडीमाशांच्या म्हणजे हॅमरहेड शार्कांच्या नाळेवरही ते असतात. बुल शार्कसारख्या काही जातींची नाळ मात्र गुळगुळीत असते. गर्भाशयातल्या द्रवात तरंगणारे हे धागे पृष्ठभाग वाढवतात आणि भिंतीतून पाझरलेलं पोषण शोषून घेतात. म्हणजे या पिल्लाला दोन वाटांनी मिळतं: वारेतून आणि झालरीतून. ‘नाळ आहे म्हणजे बाकी वाटा बंद’ असा कप्पेबंद विचार निसर्ग करत नाही. याच कारणाने मी वर्गात शार्कांच्या प्रजननाचे चौकोन काढत नाही, वजनाची रेघ काढते.

लहान गर्भात आणखी एक वाट दिसते. गर्भ दोन-तीन सेंटिमीटरचा असताना त्याच्या कल्ल्यांच्या फटींतून लाल बारीक धाग्यांचे झुबके बाहेर लोंबतात. पुष्कळ जण ते रक्त किंवा कृमी समजतात. ते कल्ल्यांचेच वाढलेले तंतू आहेत. प्राणवायू आणि आजूबाजूच्या द्रवातलं पोषण दोन्ही ते घेतात आणि गर्भ मोठा झाला की जिरून जातात.

शार्काच्या नाळेची माहिती जगाला नवी नाही. ॲरिस्टॉटलने एका गुळगुळीत डॉगफिशबद्दल लिहून ठेवलं होतं की तिची पिल्लं नाळेने आईच्या गर्भाशयाला जोडलेली असतात. त्यावर पुढे शतकानुशतकं फारसं कुणी विश्वासाने बोललं नाही. १८४० च्या सुमारास जर्मनीत योहानेस म्युलर यांनी ते तपासून खरं ठरवलं. आपल्या मुशीचं काम मात्र आपल्याच किनाऱ्यावर झालं. १९४० च्या दशकात मुंबईच्या मत्स्यखात्यातले एस. बी. सेटना आणि पी. एन. सारंगधर यांनी तिच्या गर्भवाढीचं तपशीलवार वर्णन लिहिलं. तेव्हा तिला स्कोलिओडॉन सोराकोवा म्हणत, त्यामुळे जुन्या लेखांत शोधताना त्या नावानेही शोधा. पुढे अमेरिकेचे जॉन वूर्म्स यांनी १९९३ मध्ये दाखवून दिलं की वारेवाढीच्या सगळ्या दिशा या एका जातीत टोकाला पोचल्या आहेत. मराठी मुलांच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात हे एक पान असायला हवं, असं मला नेहमी वाटतं. मुशी तर त्यांच्या घरात शिजते.

आता पाखट. मालवणकडे तुम्ही वागळी म्हणता. इथे नाळ नाही, वार नाही, आणि तरीही हिशेब पाहिला तर वाढ प्रचंड. पाखटाचं गर्भाशय उघडलं की आतली भिंत ओल्या टर्किश टॉवेलसारखी दिसते: लांब, लाल, बोटाने विंचरता येतील असे असंख्य धागे. यांना ट्रोफोनेमाटा म्हणतात. प्रत्येक धाग्यात रक्तवाहिन्या आणि स्रवणाऱ्या पेशी असतात आणि त्यांतून जे पाझरतं तेच तुमचं दाट पिवळसर दूध. प्रथिनं आणि स्निग्धांश यांनी ते इतकं भरलेलं असतं की बोटांत घासलं तर तेलकट लागतं. पिल्लू आधी बलक संपवतं, मग हे दूध तोंडाने आणि डोळ्यांमागच्या श्वासरंध्रांतून आत घेतं. पिल्लाचं पोट उघडलंत तर आतडं त्याच द्रवाने भरलेलं सापडेल. पिल्लांचे पंख मोदकाच्या पाकळ्यांसारखे अंगावर मुडपलेले असतात, हेही तुम्ही पाहिलं असेल. शेपटीचा काटा मऊ आवरणात असतो, त्यामुळे आईला इजा होत नाही.

या ट्रोफोनेमाटांची गोष्ट भारताच्या किनाऱ्यावर सुरू होते. कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे जेम्स वुड-मेसन आणि ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजावरचे डॉक्टर आल्फ्रेड ॲलकॉक यांनी १८९१ मध्ये फुलपाखरी पाखटाच्या गर्भाशयाचं वर्णन छापलं. त्यांना दिसलं की आईच्या भिंतीचे धागे झुबक्यांनी पिल्लाच्या श्वासरंध्रांतून आत शिरून थेट घशात पोचले आहेत. म्हणजे पिल्लाने दूध शोधायचंही कारण नाही, आई ते घशात नेऊन सोडते. त्या वर्णनातला शब्द आज जगभर वापरतात. मी स्वतः फुलपाखरी पाखट पहिल्यांदा उघडलं तेव्हा भोकातून बाहेर लोंबणारे ते लाल धागे बघून पिल्लाला काही आजार झालाय असंच मला वाटलं होतं. चिमट्याने अलगद धरून मागे मागे जात राहिले, तेव्हा दुसरं टोक आईच्या भिंतीत निघालं. ती सकाळ मी विसरणार नाही.

बऱ्याच पाखटांत डावं गर्भाशयच काम करतं, उजवं लहानसं राहतं. पिल्लं थोडी, पण दणकट. मांटा आणि तिच्या जवळच्या जातींत बहुधा एका वेळी एकच पिल्लू असतं आणि तेही दुधावरच वाढतं. पाखटांच्या नात्यातल्या गिटारफिशसारख्या जातींत मात्र बलकावर भर असतो, आईची वरची भर थोडी.

तिसरी रीत ऐकून अनेकांना शहारे येतात. कोचीच्या बंदरावर थ्रेशर शार्क उतरतात तेव्हा गर्भवती मादीच्या पोटात बहुधा दोनच पिल्लं निघतात, प्रत्येक गर्भाशयात एक. त्यांची पोटं फुग्यासारखी तट्ट असतात. आत असतो पिवळा बलक, पण तो त्यांच्या स्वतःच्या अंड्याचा नव्हे. आई गर्भारपणातही अंडाशयातून लहान लहान अफलित अंडी सोडत राहते आणि पिल्लं ती खातात. माको शार्कांतही हेच. सँड टायगर म्हणजे कार्कारियास टॉरस या जातीत पिल्लू एक पायरी पुढे जातं. गर्भाशयात सर्वांत आधी मोठं झालेलं पिल्लू दात आलेले असल्याने आपल्या भावंडांना मारून खातं, आणि मग उरलेले महिने आईच्या अंड्यांवर वाढतं. शेवटी दोन गर्भाशयांत दोनच पिल्लं उरतात, जन्माच्या वेळी सुमारे एक मीटरची. अमेरिकेचे स्टुअर्ट स्प्रिंगर यांनी १९४८ मध्ये या जातीच्या अंडी खाणाऱ्या पिल्लांबद्दल छापलं. मादीचं गर्भाशय हाताने तपासताना आतलं पिल्लू त्यांना चावलं होतं. इथेही पोषण आईचंच आहे, फक्त ते अंड्यांच्या आणि भावंडांच्या रूपाने पोचतं.

पांढऱ्या शार्कात यातल्या दोन रीती एकापाठोपाठ येतात. जपानच्या ओकिनावातल्या मत्स्यालयाच्या संशोधकांना २०१४ मध्ये एक गर्भवती मादी तपासायला मिळाली आणि २०१६ मध्ये त्यांनी लिहिलं की तिची पिल्लं सुरुवातीला गर्भाशयाच्या स्निग्ध दुधावर वाढतात, नंतर अंड्यांवर. याच मत्स्यालयाने पुढे एका लहान लँटर्न शार्काचे गर्भ कृत्रिम गर्भाशयात महिनोन् महिने जगवले. तो बलकावर वाढणारा होता. अन्नाची तजवीज अंड्यातच असल्यामुळे संशोधकांना मुख्यतः द्रव सांभाळावा लागला, आणि जन्मानंतर पिल्लं तगावीत म्हणून तो हळूहळू समुद्राच्या पाण्यासारखा करत आणावा लागला. मुशीचा गर्भ असा बाहेर वाढवणं आज तरी अशक्य वाटतं, कारण तिथे वारच उभी करावी लागेल.

वाघशार्काचा उल्लेख करून पुढे जाते. त्याच्या जवळच्या नातलगांत नाळ आहे, त्याच्यात नाही. प्रत्येक गर्भ पातळ पिशवीत असतो, पिशवी द्रवाने भरलेली, आणि त्या द्रवातून पोषण. एका मादीत काही डझन पिल्लं सापडतात. वर सांगितलेल्या सारंगधरांनी मुंबईतच या जातीच्या गर्भावरही काम केलं होतं.

इतक्या रीती का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल म्हणून सांगते. मला हे एकरकमी आणि हप्त्याच्या व्यवहारासारखं दिसतं. बलकावर विसंबणारी आई सगळा खर्च पहिल्या दिवशी करते. अंडाशयात मोठाली अंडी साठवायला तिला महिने, कधी वर्ष लागतं. मुशी पहिल्या दिवशी जवळपास काहीच गुंतवत नाही आणि मग रोजच्या खाण्यातून हप्ते भरते. आपला किनारा उथळ, गढूळ आणि जवळा, कोळंबी, लहान माशांनी भरलेला. रोजचं खाणं खात्रीचं असेल तर हप्ता परवडतो. म्हणूनच जेमतेम हात-दीड हात लांबीचा हा प्राणी वर्षभर कधीही पिल्लं देऊ शकतो आणि मोठ्या माद्या एका वेळी दहा-बारा पिल्लं वागवतात. याची दुसरी बाजू अशी की मुशीच्या माद्या बाराही महिने गर्भार सापडतात. पावसाळी मासेमारीबंदीने त्यांना तेवढ्या काळाची उसंत मिळते, पण ‘अंडी घालायचा हंगाम संपला, आता पकडा’ असा हिशेब या जातीला लागू पडत नाही.

सस्तन प्राण्यांचा प्रश्न आता सोपा होईल. सस्तन ठरतो तो दुग्धग्रंथींवरून आणि केसांवरून, जिवंत पिल्लं देण्यावरून नव्हे. आपली घोणस पिल्लं देते, विंचवीण पिल्लं देते. पाखटाचं दूध गर्भाशयाची भिंत स्रवते, आणि पिल्लू बाहेर आलं की ते कायमचं थांबतं. जन्मल्यावर शार्काची किंवा पाखटाची आई पिल्लाला काहीही देत नाही. जे द्यायचं ते पोटातच देऊन झालेलं असतं, आणि त्याचा शेवटचा भाग पिल्लाच्या यकृतात तेलाच्या रूपाने बांधून दिलेला असतो. शिकार जमेपर्यंत पिल्लू त्यावर तगतं. नवजात मुशीच्या छातीच्या दोन परांच्या मध्ये नाळेची उघडी खूण दिसते. ती भरत आली असेल तर पिल्लू काही आठवड्यांचं आहे असं आम्ही धक्क्यावर ओळखतो.

दुधावरून आठवलं. बाळंतिणीला लहान मुशीचं कालवण देण्याची रीत तुमच्याकडेही असेल. मुशीच्या भाऊबंदांतल्या एका जातीचं तर इंग्रजी नावच मिल्क शार्क आहे, आणि ते या भारतीय समजुतीवरून पडलं. याबाबत एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आई पिल्लाला पोषण देते तेव्हा तिच्या अंगातला पाराही त्याच वाटेने जातो. जन्माआधीच्या शार्कपिल्लांत पारा आणि कीटकनाशकांचे अंश सापडले आहेत. मोठ्या, दीर्घायुषी शार्कांच्या मांसात पारा साठत जातो, म्हणून अमेरिकेचं अन्न-औषध प्रशासन गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना शार्क टाळायला सांगतं. लहान, अल्पायुषी मुशीत तो कमी साठतो, पण मोठ्या शार्काचे तुकडे ‘मोरी’ म्हणून विकले जातात तेव्हा ते बाळंतिणीच्या ताटात नकोत, हे माझं ठाम मत आहे.

तुम्हाला प्रकल्प करायचा आहे असं लिहिलंत, म्हणून एक धोका आधीच सांगून ठेवते. जाळ्यात सापडलेल्या माद्या, विशेषतः पाखटं, धडपडीत पिल्लं टाकतात. त्यामुळे धक्क्यावर गर्भाशय रिकामं दिसलं म्हणून मादी गर्भार नव्हती असं लिहू नका. भिंत सैल, रुंद आणि रक्ताळलेली असेल, धागे लांब असतील, तर पिल्लं नुकतीच गेलेली आहेत. अशी नोंद वेगळ्या रकान्यात करा. आणि होडीवर पाखट जिवंत असेल तर पिल्लं पोटातून काढून समुद्रात सोडण्यापेक्षा तिलाच लवकर सोडायला तांडेलांना सांगा. अपुऱ्या दिवसांची पिल्लं दुधाविना जगत नाहीत.

आता तुमच्या बरणीतल्या सात पिल्लांबद्दल. त्यांना मिठाच्या पाण्यात फार दिवस ठेवू नका, सडतील. आधी प्रत्येकाचं वजन नाळेसकट आणि लांबी नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लिहून घ्या. तीन पिल्लं वाळवायला बाजूला ठेवा, कारण फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या नमुन्याचं कोरडं वजन भरवशाचं राहत नाही. उरलेली चार दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये घाला, हे काम महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हातमोजे घालून, सरांसमोर करा. नाळा कापू नका, आणि शक्य असेल तर भिंतीचा तुकडा नाळेला लागलेलाच राहू द्या. बरणीत जाड कागदावर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाका: तारीख, बंदर, जाळ्याचा प्रकार, आईची लांबी आणि वजन, डाव्या गर्भाशयात किती आणि उजव्यात किती. शाई फॉर्मॅलिनमध्ये उतरते, पेन्सिल टिकते. आणि आईचं अंडाशय फेकलं नसेल, तर त्यातली सर्वांत मोठी पाच-सहा अंडी भिंगाखाली मोजा. तो आकडा मला कळवा. त्याच्याशिवाय जमाखर्चाची पहिली ओळच लिहिता येत नाही.